ड्रमातला हात

आमच्या घरी पुस्तकांच्या आधी चळवळीची पत्रकं आली. वडील ती गावोगाव वाटायचे, उरलेल्यांच्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या दुपारी जे पाहिलं, ते घरी जाऊन ठणकावून सांगायचं, हे मी अवसरीच्या रस्त्यावरच ठरवलं.

आम्ही यीस्टवर एक बुरशीनाशक टाकलं होतं. दोन होण्याआधी पेशी आपल्या डीएनएची दुसरी प्रत काढते, मग बारीक धागे दोन्ही प्रती दोन बाजूंना ओढतात. या औषधाने ते धागेच बनेनात. सूक्ष्मदर्शकाखाली मूळ पेशी आणि तिला फुटलेला कोंब एकमेकांना चिकटून, फुगून थांबले होते. दुसऱ्या एका वाणात, धागे नसले की थांबायचं, ही पेशीची सोयच बिघडलेली होती. त्या पेशी तशाच पुढे गेल्या, काहींच्या वाट्याला डीएनए आलाच नाही, आणि त्या मेल्या.

त्याच बुरशीनाशकाची पावडर आमच्या टोमॅटोवर मारतात.

घरी पोचले तर वहिनी ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून तीच पावडर पाण्यात कालवत होती. आमच्याकडे फवारणीची गन पुरुषाच्या हातात, कालवणं बाईचं. वहिनीला दिवस गेले होते.

"हात काढ आधी," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

दादा पाइप जोडता जोडता हसला. "यीस्ट म्हंजी पावातलं ना? तुझी वहिनी काय पाव हाय व्हय?"

"तिच्या पेशीतही धागे असतात. बाळाच्याही."

"काठीनं कालवलं की गुठळ्या ऱ्हात्यात. नोझल तुंबलं की तू येतीस का साफ कराया?"

वहिनीने हात बाहेर काढला होता. कोपरावरून पांढरं पाणी ठिबकत होतं.

"औषध धुऊन टाकल्यावर त्या पेशींचं काय व्हतं?" तिने विचारलं.

पत्रकात अशा प्रश्नाला एक ठाम ओळ असते. माझ्याकडे ती नव्हती.

"थांबलेल्या बऱ्याच पुन्हा चालू होतात. सगळ्या नाही. आणि हे यीस्टचं झालं. तुझं मला माहीत नाही."

"मंग मागल्या म्हयन्यात कालवलं, त्याचं?"

दादाचं हसू गेलं. त्याने काठी शोधून आणली.

वहिनी पुन्हा ड्रमजवळ गेली नाही. मंचरच्या डॉक्टरीणबाई सगळं ठीक आहे म्हणतात. आता बाळ हललं की वहिनी मला हाक मारते, हात धरून पोटावर ठेवते.

काल दिवसभर तिने हाक मारली नाही.