माझ्या नावावर तपासलेलं काळीज

सुईला मी लहानपणापासून भिते. नववीत असताना शाळेत तपासणीला डॉक्टरांची गाडी येणार म्हटल्यावर मी गुरुजींना शंभरदा विचारलं. ते फक्त वजन-उंची घेतात, डोळे-दात बघतात, छातीला नळी लावतात, असं सांगून सांगून गुरुजी थकले. पण मागच्या बाकावरची एक म्हणाली, "दंडात सुई टोचत्यात," आणि मी तिचंच खरं धरलं.

आमचं गाव बीडजवळच्या पालीच्या पुढं, डोंगराच्या कडेला. त्याच आठवड्यात माझी मामेबहीण बीडहून आमच्याकडं आली होती. तिच्या शाळेत बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र होतं, त्यामुळं नववीला सुट्टी. दोघींचं वय एक, अंगकाठीही एकच. फरक एवढाच की मी दिवसभर डोंगरात हुंदडायची आणि ती बसल्या जागी मोबाइल बघायची. घरात सगळे तिला 'शहरातली आळशीण' म्हणायचे. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू.

"तुझा ड्रेस दे. तुझ्या नावावर मी जाते," ती म्हणाली. "सुईला कावून भ्यायचं एवढं?"

आमचे गुरुजी नेमके त्या दिवशी परीक्षेच्या सुपरव्हिजनला गेलेले. आलेल्या डॉक्टरांना कोण कुणाची पोरगी काय माहीत? नाव पुकारलं, ही उठून गेली. वर्गातल्या पोरी तोंडात ओढणी कोंबून हसल्या म्हणे. मी तेवढा वेळ शाळेमागं बसून चिंचा खाल्ल्या.

ती बाहेर आली. "सुई-बिई काय न्हाई. डॉक्टरीणबाई लई चांगल्या हायत," एवढंच बोलली.

दोन दिवसांनी ती बीडला गेली. त्यानंतर मुख्याध्यापकांनी वडिलांना शाळेत बोलावून चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर माझं नाव. हृदयातून वेगळा आवाज येतोय, बीडला नेऊन इको करून घ्या. आमचे वडील गारपीट झाली तरी चेहरा न हलवणारे. त्या दिवशी त्यांनी पुढचं ताट बाजूला सारलं, ते बीडच्या तपासणीपर्यंत नीट जेवलेच नाहीत. मला कळशी उचलू देईनात. आई उठता-बसता डोळ्यांना पदर लावायची. आणि मी? खरं सांगितलं तर वडील फोडून काढतील, एवढंच डोक्यात. ती चिठ्ठी माझी नाही म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी आहे, हे साधं गणितसुद्धा मला सुचलं नाही. अक्कल नावाची गोष्टच नव्हती मला.

दवाखान्यात छातीवर गारगार जेल लावलं. डॉक्टरांनी बराच वेळ पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हिचं हृदय ठणठणीत आहे. कुणी पाठवलं हिला?" वडिलांनी हात जोडले. बाहेर येऊन त्यांनी पेढे घेतले आणि आम्ही तसेच मामाच्या घरी गेलो.

मामाचं घर दुसऱ्या मजल्यावर. "बसा दाजी, चहा ठेवते," म्हणत मामीनं पोरीला खाली दुधाला पिटाळलं. बराच वेळ झाला तरी ती येईना, म्हणून मी दारातून वाकून बघितलं. ती जिन्याच्या वळणावर बसली होती. दुधाची पिशवी मांडीवर, कपाळ घामानं डबडबलेलं, छाती भात्यासारखी वरखाली.

"बसली का पुन्हा?" मामी आतून ओरडली. "दोन जिने चढवत न्हाईत म्हातारीला! खा अजून चिप्स!"

सगळे हसले. तोंडात पेढा असलेले माझे वडीलही हसले. मला मात्र ती चिठ्ठी आठवली. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. सांगू नको, असं म्हणत होती.

मी वडिलांना सांगितलं. "दादा, शाळेत मी न्हवतेच. माझ्या नावावर ही गेलती."

एक थप्पड बसली. दुसरीसाठी उचललेला हात वडिलांनी मध्येच थांबवला. त्यांनी जिन्यातल्या पोरीकडं बघितलं, खिशातली चिठ्ठी काढली आणि मामाच्या हातात दिली. पेढ्याच्या पुड्याला मग कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांनी तिला तपासलं. हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. पुढं मोठ्या शहरात नेऊन ऑपरेशन केलं, नीट पार पडलं. आता ती दोन जिने चढून जाते आणि वरून मामीलाच हाका मारते.

ऑपरेशनच्या आधी मी तिला विचारलं होतं, "तुला ठाऊक होतं का गं?"

"वर्षभर दम लागत होता," ती म्हणाली. "तुला काय होणार न्हाई, हे माहीत होतं मला. डॉक्टरीणबाईनं विचारलं, चढताना धाप लागती का, रात्री झोप लागती का. मी सगळं खरं सांगितलं."

"मग घरी कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की. लई वेळा सांगितलं. तुमी सगळे हसायचे. तुझ्या नावावर सांगितलं, तेव्हा कुणीच हसलं न्हाई."