आबांच्या दहाव्याला माझं तर्कशास्त्र

आयुष्यात मी तर्कशास्त्र मन लावून एकदाच वापरलं, आणि त्याचा निकाल एका कावळ्यानं लावला.

तेव्हा मला कॉलेजात जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझे आजोबा, म्हणजे आबा, तालमीचे वस्ताद. त्यांच्या मते शिक्षण सहीपुरतं असावं आणि उरलेला जन्म हौद्यातल्या तांबड्या मातीत घालवावा. मी कॉलेजात नाव घातलं, नाकावर चष्मा आला, हातात काळी छत्री आली, तसे ते आईला म्हणाले, "गडी असून उन्हाला भितोय व्हय! धाड की त्येला तालमीत." हे ते रोज म्हणायचे. मी अर्थातच गेलो नाही. मी विचार करायला शिकत होतो!

आणि तेही चहूबाजूंनी. इतिहासाचे सर सांगायचे, कुणी काही सांगितलं की आधी बघा, सांगणारा कोण आणि यात त्याचा फायदा काय. अर्थशास्त्राचे सर सांगायचे, एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं आहे तसं ठेवा. तर्कशास्त्राचे सर तर शक्यतांची यादी करून एकेक खोडायला लावायचे. हे सगळं मी घरी येऊन आईवर वापरत असे. (आमटी खारट झाली ती मिठामुळेच कशावरून, असं मी तिला एकदा विचारलं. तिनं माझ्यापुढचं ताटच उचललं.)

अशात आबा गेले. पिकलं पान होतं, झोपेतच गेले. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी कुस्त्या बघितल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. पण धड रडायलाही सवड मिळाली नाही, कारण दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना!

ऑक्टोबरचं ऊन, म्हणून मी आल्यापासून छत्री उघडलेली. चाळीस माणसं सकाळपासून उपाशी. समोरच्या झाडावर कावळ्यांची ही गर्दी, पण एक खाली उतरेल तर शपथ! आबांची काहीतरी इच्छा राहिली होती, हे उघडच होतं.

"आबा, म्हशीची काळजी करू नगा, मी हाय," थोरले काका हात जोडून म्हणाले.

कावळे ढिम्म.

"आबा, हौद्यात नवी माती घालतो," माझे वडील, म्हणजे अण्णा म्हणाले.

कावळे ढिम्म.

"थांबा!" मी म्हणालो. "असे अंदाजपंचे नवस बोलून काही होणार नाही. हे पद्धतशीर शोधलं पाहिजे."

आता आठवलं की माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. पण त्या वेळी चाळीस माणसांनी माझ्याकडे आशेनं बघितलं. घरात कॉलेज शिकलेला दुसरा होता कोण? मी सगळ्यांना होते तिथंच उभं राहायला सांगितलं (इतर परिस्थिती कायम राहिली पाहिजे!) आणि स्वतः उघड्या छत्रीसकट पिंडापासून चार हातांवर जाऊन उभा राहिलो.

"अहो, जरा मागं सरा की," भटजी म्हणाले.

"निरीक्षण जवळूनच करायचं असतं," मी त्यांना ऐकवलं.

पहिली साक्ष आत्याची. ती म्हणाली, "आबा मला म्हणालं हुतं, तुज्या आईची नथ तुला."

"कधी म्हणाले? तेव्हा तिथं आणखी कोण होतं? आणि आत्या, यात तुझा फायदा आहे, हे तुला मान्य आहे ना?"

आत्यानं असा हंबरडा फोडला की आबा गेले त्या दिवशीही फोडला नव्हता. झाडावरचे दोन कावळे उडून गेले. काका मिशीत हसले, म्हणून मी त्यांच्याकडे वळलो.

"काका, म्हैस तुमच्याकडं जावी असं आबांना वाटत होतं, याला पुरावा?"

"म्हशीला पुरावा?" काका बाह्या सारत पुढं आले. "अण्णा, तुज्या पोराला आवर, न्हायतर आज इथंच दुसरा पिंड ठेवाय लागंल!"

अण्णांनी काकांना कमरेला धरलं. आत्याचे यजमान मधूनच म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या, नथीचं काय ते बोला." भटजींना दुसरीकडं जायचं होतं. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू या. मी ठाम नकार दिला. "बनावट पुरावा चालणार नाही!"

तासाभरात मी अकरा शक्यता खोडल्या आणि घरातल्या तेवढ्याच माणसांशी वैर घेतलं. शेवटी आत्या पदरानं नाक पुसत पुढं आली.

"समद्यास्नी इचारलंस. सोताला इचारलंस का रं? आबा रोज काय म्हणायचं?"

माझ्या यादीत तेवढी एकच शक्यता नव्हती. विसरलो नव्हतो, मीच घातली नव्हती.

"हात जोड," अण्णा म्हणाले.

"पण अण्णा, समजा आता कावळा आलाच, तरी त्यावरून असं सिद्ध होत नाही की..."

"हात जोड म्हणतोय न्हवं!"

छत्री धरून हात जोडता येत नाहीत. मी ती मिटली, काखेत मारली आणि हात जोडले. "आबा," म्हटलं, आणि काय झालं कोण जाणे, पुढचं आपसूकच तोंडातून निघालं. "उद्यापासून तालमीत जातो."

वाक्य पुरं व्हायच्या आत डोक्यावरून फडफड झाली. एक नाही, पाच कावळे! पिंडाचं शीतसुद्धा उरलं नाही. काका आणि आत्या एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागले. मी मात्र काखेतल्या छत्रीकडं बघितलं आणि ओरडलोच.

"छत्री! अहो, ते छत्रीला भीत होते! तासभर मी उघडी काळी छत्री घेऊन पिंडाजवळ उभा होतो!"

"मग त्येच की," आत्या म्हणाली. "आबांस्नी तुजी छत्री बगवतच नव्हती."

"तसं नाही गं! आपण पुन्हा करून बघू. या वेळी छत्री मिटून, पण नवस न बोलता..."

"पुन्ना?" काकांनी डोळे पुसले. "पुन्ना कराय आता कोन मरायचं? तू मरतोस?"

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे हौद्यात आणि सकाळी कॉलेजात. तर्कशास्त्राच्या तासाला कानात तांबडी माती घेऊन मी गाढ झोपायचो. त्या विषयात नापास झालो आणि पहिल्याच कुस्तीत, सलामी झाल्या झाल्या, चीत झालो. छत्रीमुळं की आबांमुळं, हे मला आजतागायत सिद्ध करता आलेलं नाही.

आता मीही आबांच्या वयाला पोचलोय. घरच्यांसाठी मी एवढंच लिहून ठेवलंय, की माझ्या दहाव्याला कुणी छत्री उघडू नये. नातू यंदाच कॉलेजात गेलाय. त्यानं कागद दोनदा वाचला, चष्मा वर सारला आणि मला विचारलं, "आजोबा, यात तुमचा फायदा काय?"