एका दिवसाचं पाळणाघर

नाचम्माळ अक्काला तपासणीच्या दिवशी कारखान्यात बोलावणं ही दुरैसामी मॅनेजरची घोडचूक. मला विचारलं असतं तर मी तोंडावर सांगितलं असतं, पण ओव्हरलॉक शिलाई मशीनवरच्या बाईला विचारतो कोण!

अक्का माझी शेजारीण. आमच्या तिरुप्पूरच्या याच कारखान्यात टी-शर्टांचे धागे कापण्यात तिची उभी हयात गेली. आता गुडघे गेले, जीभ मात्र शाबूत. घरी सून कयल्विळी आणि तान्हा नातू. पोरगं बाटली तोंडात धरेना, म्हणून कयल्विळीचं शिलाईचं काम सुटलं. कारखान्यात पाळणाघर होतं म्हणा, पण त्यात दोऱ्याची खोकी झोपायची. कयल्विळी घरी खुळ्यासारखी भिंतीकडे बघत बसायची, मला बघवत नसे.

कामगारांना नीट वागवतात का, रंगाचं पाणी नदीत सोडत नाहीत ना, हे बघूनच आमचा माल घेणारी परदेशी कंपनी कपड्याला चांगुलपणाची चिठ्ठी लावू देते. तिची तपासणी आली की आमच्याकडे पोंगलच्या सणासारखी साफसफाई. संडासात साबण येतो, तोंडाला मास्क येतात, उत्तरं पाठ करून घेतात.

दुरैसामी अक्काच्या दारात आला. "अक्का, एक दिवस आया बनून बसा. नातवालाही आणा. फक्त तोंड उघडू नका."

तो कारखान्यात खोकी उचलायला लागला तेव्हापासून अक्का त्याला ओळखते. "माझ्या सुनेला परत घेशील?"

"तपासणी पार पडली की लगेच. माझा शब्द."

झालं! खोकी हलली, रंगीत प्लास्टिकचे पाळणे आले. मला मशीनवरून उठवून कुणाचं तरी पोर मांडीवर दिलं. कोइमतूरहून तपासणीला आलेल्या अन्बरसी बाई रंगाचं पाणी, चिंध्या, सगळं विचारून झाल्यावर आमच्या खोलीत शिरल्या. नेमका तेव्हाच अक्काच्या नातवाने भोंगा सुरू केला. त्या पाळण्यात तो काही केल्या राहीना. अक्का ओठ घट्ट मिटून बसलेली, तोंड लालबुंद. शेवटी तिने पिशवीतून जुनी साडी काढली, छताकडे बघितलं, चारी कोपरे बघितले आणि फुटलीच.

"अरे दुरै, ही कसली रे मेली खोली? झोळी टांगायला एक कडी नाही! तुझ्या आईने तुला काय खोक्यात निजवलं होतं?"

"अक्का, अहो अक्का..." दुरैसामीला घाम फुटला.

अन्बरसी बाईंनीही मान वर केली. "मग आजी, रोज झोळी कुठे टांगता?"

मी अक्काला जोरात चिमटा काढला. काही उपयोग झाला नाही.

"रोज? बाई, मी आजच आले. आणि ही खोलीही आजच आली!"

मला हसू आवरेना. घरी गेल्यावर मात्र अक्का सुनेसमोर मटकन बसली. "तुझी नोकरी मी खाल्ली गं." त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही.

पण अन्बरसी बाई पक्क्या निघाल्या. ऑर्डर तोडू दिली नाही, चिठ्ठीही दिली नाही. पाळणाघर रोज चालेल तेव्हाच चिठ्ठी, आणि बघायला मी न सांगता येईन, म्हणाल्या. आठवड्याभरात दुरैसामी पुन्हा दारात.

"अक्का, कड्या कुठे ठोकायच्या तेवढं येऊन दाखवा."

"आधी सून."

"दोघी या, माझी आई! उद्यापासूनच या!"

पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीत कयल्विळी धावतच पाळणाघरात आली. पोराला पाजलं, अक्काने त्याला झोळीत घालून दोन झोके दिले, तो गाढ झोपला. कयल्विळी तिथेच उभी राहून रडायला लागली.

"अत्तै, मला वाटलं होतं, आता मी कधीच मशीनवर बसणार नाही."

"डोळे पूस आधी," अक्का सासूच्या तोऱ्यात म्हणाली. "अशीच जाऊन बसलीस तर शिवण वाकडी जाईल, मग बसशील उसवत!"

सून हसत पळाली, आणि अक्का पदरात तोंड खुपसून हुंदके देत बसली.