न पाहिलेली सागाची झाडं

कऱ्हाटीत आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बी.एस्सी., विषय प्राणिशास्त्र. धाकटा चुलतभाऊ दहावीला दोनदा नापास. त्यानं मेंढरं विकून इंदापूरच्या बाजूला डाळिंब लावलं, तेव्हा मी हसलो होतो.

एका दिवाळीला तो नवी मोटरसायकल घेऊन दारात आला. गावभर ‘आमचा बीएश्शी’ म्हणून मला मिरवणारे आबा, माझे वडील, त्या गाडीभोवती फिरले आणि सीटवर हात फिरवून म्हणाले, “जनावर झ्याक हाय!”

मी हातातला लाडू ताटात परत ठेवला. छातीत धडधड, तळहाताला घाम. अ‍ॅड्रेनलीनवर मी परीक्षेत दोन पानं लिहिली होती. स्वतःच्या अंगात शिरलं तेव्हा मात्र ओळखलं नाही. पुढच्याच आठवड्यात बारामतीला गेलो आणि घरावरचा पत्रा काढून स्लॅब टाकायला साठवलेले सगळे पैसे सागाच्या एका योजनेत भरून आलो. तेव्हा अशा योजनांचं पेव फुटलं होतं. पैसे भरा, झाडं ते वाढवणार आणि विकून कितीतरी पटीनं परत देणार. मी याला अभ्यासपूर्वक घेतलेला निर्णय म्हणत होतो.

“झाडं बघितलीस?” आबांनी विचारलं.

“कोकणात हायेत. कागद आलाय की.”

“दात बघितल्याबिगर आपुन मेंढरू घेत न्हाय, लेका.”

“आबा, हे मेंढरू न्हाय.”

चुलतभावाला कळलं तसा तो आला. “दादा, तू शिकल्याला हायेस. मीबी घालू का डाळिंबाचं पैसं?”

म्हणजे याचीही झाडं वाढणार, आणि हा पुन्हा माझ्या पुढं! मी म्हणालो, “तुला न्हाय कळायचं त्यातलं. तू आपली डाळिंबं राख.”

त्याचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

दोन वर्षांत योजनेच्या ऑफिसला कुलूप लागलं. मी घरात ब्र काढला नाही. पण बातमी इंदापूरला पोचली आणि चुलतभाऊ पेढे घेऊन हजर. आबांच्या देखत माझ्या पाया पडला.

“दादा नको म्हणला म्हणून वाचलो, आबा. शिकल्यालं माणूस ते शिकल्यालं! दादा, तूबी तुझं पैसं येळंवर काढलं असशीलच की?”

आबा माझ्याकडं बघत होते. मोटरसायकल आल्यापासून ती कौतुकाची नजर मला मिळाली नव्हती.

“व्हय की,” मी म्हणालो.

आबा खुलले. पेढा तोंडात टाकून त्यांनी वर पत्र्याकडं पाहिलं. “मग स्लॅब कवा टाकायचा?”