वालट्यूबचा दवाखाना

दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. ते चपला बाहेर काढून आपले आपणच आत येतात आणि समोरच्या बाकावर बसतात. मी फक्त नाव, वय, गाव विचारते. बाकीचं सगळं लोक न विचारता सांगतात. जे विचारलंय तेवढं सोडून!

मी शोभा. माहेर खंडाळ्याचं, सासर म्हसवडचं. स्वभाव संशयी. पाहुण्यांनी आणलेला पेढासुद्धा मी आधी वास घेऊन बघते. आमच्याकडं नवीन दवाखाना निघालाय आणि काउंटरला बाई पाहिजे असं कळलं, तेव्हा अर्ज घेऊन गेले खरी, पण पाटी बघून दारातच थबकले. पाटीवर लिहिलं होतं, 'व्हॅलेट्यूडो क्लिनिक'. म्हटलं, ह्यात काहीतरी गडबड आहे!

दवाखाना डॉक्टरांचा, पण नाव त्यांच्या वडिलांनी ठेवलेलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मूळचे सांगलीकडचे. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. झाडांची लॅटिन नावं पाठ करता करता त्यांना ती भाषाच आवडायला लागली. हळदीच्या दुधाला अजूनही 'कर्कुमाचं दूध' म्हणतात. मुलगा एमडी झाला आणि माणदेशात दवाखाना टाकतो म्हणाला, तेव्हा अण्णांनी डिक्शनरी उघडून हा शब्द शोधून काढला. लॅटिनमध्ये व्हॅलेट्यूडो म्हणजे आरोग्य.

"असा शब्द अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडं नाही," अण्णा अभिमानानं सांगायचे.

ते खरंच होतं. कारण जिल्ह्यात कुणाला तो म्हणताच येत नव्हता.

*

पहिलाच दिवस. उद्घाटनाचा हार अजून ताजा. एक गृहस्थ खांद्यावर सायकलची ट्यूब टाकून आत आले आणि ती माझ्या रजिस्टरवर ठेवली.

"वालट्यूब बदलून द्या. हवाच ऱ्हाईना."

सायकलमध्ये हवा भरतो त्या तोंडाशी रबराची बारीक नळी असते, ती वालट्यूब. मी म्हटलं, "अहो, हा दवाखाना आहे!"

त्यांनी बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचली. परत आले. "मग भाईर वालट्यूब कशापायी लिवलंय?"

आमचे कंपाउंडर बापू सैन्यात नर्सिंग असिस्टंट होते. बोलताना मधूनच त्यांची पलटण जागी होते. ते पुढं झाले. "इधर आदमी की हवा देखते हैं, सायकल की नहीं!"

गृहस्थांनी बापूंकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मानसाची हवा गेल्यावर तुमी काय करनार?" असं म्हणाले आणि ट्यूब उचलून चालते झाले.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात नाव झालं, वालट्यूबचा दवाखाना.

*

हे हसण्यावारी गेलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण दवाखान्यात छातीची पट्टी काढायचं ईसीजी मशीन आलं आणि लोकांनी दोनात दोन मिळवले. "छातीत दुखतंय म्हनून गेलं की काळजाचा वाल काढत्यात आन ट्यूब घालत्यात. पाटीवरच लिवलंय की!"

एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. त्याला नुसती पित्ताची जळजळ. बाई आत यायला तयार नाहीत, दारातूनच पहारा. डॉक्टरांनी छाती तपासायला म्हणून त्याला शर्ट काढायला सांगितला.

"बगा! मी म्हनलं न्हवतं?" बाई कडाडल्या. आत घुसल्या, नवऱ्याच्या दंडाला धरलं आणि त्याला उघड्या अंगानं बाहेर काढला.

शर्ट आमच्या खुंटीवर राहिला. न्यायलाही कुणी आलं नाही. त्यात ट्यूब घातली असेल म्हणून!

*

सर्दी-तापाला लोक यायचे, पण छातीत दुखतंय म्हणणारा एकही यायचा नाही. असले सगळे दुखणं अंगावर काढत होते. डॉक्टर तर मुळात त्यासाठीच इथं आलेले.

एक दिवस त्यांनी आमच्या देखत अण्णांना सांगितलं, "अण्णा, तुमचा शब्द लोकांना घाबरवतोय. छाती धरून माणूस घरी बसतोय आणि मी इथं खोकल्याची औषधं देतोय. सिद्धनाथाच्या रथयात्रेपर्यंत वाट बघतो. तोवर छातीचा एकही पेशंट स्वतःहून आला नाही तर पाटी उतरवतो आणि पुण्याला नोकरी धरतो."

अण्णा एवढंच म्हणाले, "शब्दाचा काही दोष नाही रे."

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. नोकरीसाठी वाटलंच, खोटं कशाला बोलू! पण अण्णांचा चेहरा बघवत नव्हता.

*

तेवढ्यात एक स्थानिक पुढारी दोन माणसं घेऊन आले. उभ्या उभ्याच विचारलं, "पाटी मराठीत का न्हाई?"

अण्णा नम्रपणे म्हणाले, "मराठीतच आहे. देवनागरी अक्षरं आहेत."

"अक्षर मराठी हाय वो, पर शबूद आपला न्हाई. ह्ये कुठल्या कंपनीचं नाव हाय? फारेनची हाय का? जिमिनी घ्यायला आलाय का काय?"

अण्णा म्हणाले, "व्हॅलेट्यूडो आपला नाही, कबूल. मग 'क्लिनिक' तरी आपला आहे का?"

पुढाऱ्यांनी दोन्ही माणसांकडं बघितलं. माणसांनी मान डोलावली.

"म्हंजे काय! क्लिनिक आपलाच!"

*

अण्णांना वाटायचं, लोकांना अर्थ कळला की भीती जाईल. म्हणून ते रोज सकाळी बाकावर बसून येईल त्याला लॅटिन शिकवायचे. "रोमन माणूस निरोप घेताना 'वाले' म्हणायचा. म्हणजे बरा राहा, धडधाकट राहा. त्याच घरातला हा आपला व्हॅलेट्यूडो."

लोक ऐकून घ्यायचे आणि माझ्याकडं वळून हळूच विचारायचे, "ह्यास्नी किती दिस झालं असं व्हतंय?"

बापूंना मात्र ते फार आवडलं. त्यांनी ऑर्डर समजून लगेच अंमलबजावणी सुरू केली. पेशंट औषध घेऊन दारात पोचला की बापू टाचा जुळवून ओरडायचे, "वाले!"

आठ दिवसांनी एक म्हातारी काउंटरवर आली. काकुळतीनं म्हणाली, "बाई, गोळ्या घेत्ये, तिखाट सोडलं, त्याल सोडलं. पर सुगीत घरच्या वालाची उसळ येकदा तरी खाल्ली तर चालंल का?"

"खा की! नको कुणी सांगितलं?"

म्हातारीनं बापूंकडं बोट केलं. "त्येच की! जाताना रोज वरडत्यात, वाल, वाल म्हनून!"

चौकशी केली तर तिच्या वाडीवर कुणीच वाल शिजवत नव्हतं.

*

आता माझा संशय. अण्णांची डिक्शनरी बाकावर उघडी होती, म्हणून मी आपलं सहज डोकावले. बारावीपर्यंतचं इंग्रजी मला येतं. व्हॅलेट्यूडोपुढं आधी लिहिलं होतं, आरोग्य. पुढं लिहिलं होतं, चांगलं किंवा वाईट. आणि त्याच्याही पुढं लिहिलं होतं, आजारपण!

मी डिक्शनरी उचलली ती थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये. डॉक्टरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग अण्णांना आत बोलावलं.

"अण्णा, ह्याचा अर्थ आजारपण पण होतो?"

"होतो की! रोमन लोक चांगली व्हॅलेट्यूडो म्हणत, वाईट व्हॅलेट्यूडो पण म्हणत. नुसतं व्हॅलेट्यूडो म्हटलं की मागचं-पुढचं बघून ओळखायचं. पुष्कळदा आजारपणच असायचं."

"म्हणजे मी पाटीवर आजारपण लिहून बसलोय? आधी का नाही सांगितलंत?"

"तू कुठं विचारलंस? आणि आपण तरी वेगळं काय करतो? 'साहेब प्रकृतीमुळं आले नाहीत' म्हटलं की साहेब आजारी. अरे, प्रकृती चांगली पण असते ना? तरी सगळे आजारीच समजतात!"

बापू दारातून म्हणाले, "आर्मीत बी तसंच, सर. 'त्याचं मेडिकल झालं' म्हनलं की कोन भरती झालेला आसतो, कोन घरी गेलेला आसतो."

मी म्हटलं, "म्हणजे आजारी पडला तरी आपला, बरा झाला तरी आपला. धंद्याला झकास नाव आहे!"

अण्णा हसले, बापू हसले. डॉक्टरांनी मात्र कॅलेंडरवर रथाची तारीख बघितली.

*

आमच्या भागात डॉक्टरची परीक्षा घ्यायची पद्धत आहे. दुखत एक असतं, सांगतात दुसरंच. ओळखलं तर डॉक्टर खरा. बिरूतात्या त्यासाठीच आले. जन्म मेंढरांमागं गेला, आता मळ्यात डाळिंब आहे. सत्तरीचे असतील. पागोटं, काठी आणि नजर अशी, की समोरच्याला वाटावं आपणच काहीतरी चोरलंय.

"गुडघा दुकतोय," तात्या म्हणाले.

गुडघा सांगत होते आणि डावा हात छाती चोळत होता. मी बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं. गुडघा हलवून, दाबून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "तात्या, गुडघा ठणठणीत आहे. छातीचं काय?"

तात्या ताडकन उठले. "छातीचं नाव काढायचं न्हाई!"

बाहेर बाकावर येऊन त्यांनी निकाल जाहीर केला. "गुडघ्यातलं ह्यास्नी काय कळंना. सरळ छातीला हात घालत्यात!"

डॉक्टर दारापर्यंत त्यांच्या मागं आले. "तात्या, पाच मिनिटांची पट्टी आहे. टोचत नाही, कापत नाही." तात्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. रस्त्यात दोनदा थांबले मात्र. काठीवर वाकून.

डॉक्टर मला म्हणाले, "हा माणूस जाईल, शोभाताई. माझ्या डोळ्यांदेखत जाईल आणि मला हात लावता येणार नाही."

*

रथाला तीन आठवडे असतील. दवाखान्याला पाच पायऱ्या आहेत. अण्णा तिसरीवर थांबले.

"काय झालं, अण्णा?"

"काही नाही, पाटी वाचतोय."

मला खरं वाटलं नाही. पाटी त्यांनीच लिहून घेतलेली, त्यात वाचायचं काय! शिवाय कडाक्याच्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. मी सरळ डॉक्टरांना हाक मारली. अण्णा "काही नाही, काही नाही" म्हणत असतानाच बापूंनी त्यांना आडवं केलं आणि पट्टी काढली.

पट्टी बघताना डॉक्टरांचा चेहरा उतरला. आवाज मात्र तसाच ठेवला. "अण्णा, आत्ताच्या आत्ता सांगलीला निघायचं. रक्तवाहिनी तुंबलीय. स्टेंट घालावा लागेल."

केबिनचं दार उघडं होतं. बाकावरची माणसं जागची हलली नाहीत. कुणीतरी कुजबुजलं, "टेंट म्हंजे ट्यूबच!"

अण्णांनी माझं मनगट धरलं. हात गार पडला होता. जवळ ओढून कानात म्हणाले, "शोभा, खरं सांगतोय ना हा? का नावावरनं राग काढतोय?"

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची तरी खात्री दिली. "खरं सांगतायत, अण्णा."  ॲम्ब्युलन्स दिसेनाशी झाली तशी मी औषधांच्या कपाटामागं जाऊन रडून घेतलं.

बाहेर आले तर बाकावर सभा भरली होती. "सख्खा बाप आसून सांगलीला धाडला! हितं घातली न्हाई! म्हंजे हितं घालतच न्हाईत. हितं फकस्त बगत्यात!"

*

अण्णा वाचले. पंधरा दिवसांनी परत आले, थोडे वाळलेले, पण आपल्या जागेवर बसायचंच म्हणून हट्ट धरून. रथ सहा दिवसांवर आला होता. पाटी उतरवायला शिडी कुठं मिळेल, हे डॉक्टरांनी बापूंना विचारून ठेवलं होतं.

दुपारी बिरूतात्या आले. माझ्याकडं न बघता अण्णांच्या शेजारी बसले. बराच वेळ नुसते त्यांच्या छातीकडं बघत राहिले.

"सर, आत वाजतं का?"

"नाही हो."

"कुशीवर वळलं की टोचतं?"

"नाही. काहीच कळत नाही."

तात्यांनी डोळे बारीक केले. "मग घातलीया कशावरनं?"

अण्णांनी दाराबाहेरच्या पायऱ्यांकडं बोट केलं.  म्हणाले, "आज पाची पायऱ्या न थांबता चढलो, तात्या."

तात्या काठी टेकत उठले, दाराबाहेर गेले. मला वाटलं, गेले! पण ते पायऱ्या मोजत होते. परत वर येताना दोनदा थांबले. धापा टाकत काउंटरवर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, लंबर लाव. छातीचा."

मी पटकन रजिस्टर पुढं ओढलं.  "नाव?"

तात्यांनी मागं बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं. "धुळा."

धुळा त्यांचा धाकटा भाऊ. चांगला ओळखते मी त्याला. "तात्या, हे तर तुमच्या भावाचं नाव!"

"लिव तू. काय निघालं तर त्याच्यात निगू दे."

मी मुकाट्यानं 'धुळा' लिहिलं. वाद घातला असता तर माणूस गेला असता. बापूंनी केस पेपर आत नेऊन ठेवला. तात्या बाकावर ताठ बसले, दोन्ही हात काठीवर.

केस पेपरवर 'छाती' वाचून डॉक्टर स्वतःच बाहेर आले. "धुळा आहेत का, धुळा?"

कुणी उठेना.

डॉक्टरांनी पुन्हा हाक मारली. "धुळा कोण आहे?"

तात्या बसल्या जागेवरून म्हणाले, "त्यो मळ्यात गेलाय."