लाळेचा नारळीभात

आधीच सांगते, पॅसिफिक महासागराला घाण वास येतो. कॅलेंडरवर छापतात तो निळा समुद्र विसरा. ऑगस्टमध्ये तो राखाडी आणि बर्फासारखा गार असतो. काठावर कुजक्या शेवाळाचे जाडजूड दोर पडलेले असतात, मेलेल्या अजगरांसारखे, आणि त्यांच्यावर माश्या. शी! आजही अंगावर काटा येतो. म्हणून तर मी हे सगळ्यांना आवडीने सांगते.

२००४च्या सुमाराला नवरा मला सोडून गेला. कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोच्या अपार्टमेंटमध्ये उरले मी, एक सोफा आणि ओळखीच्या बायकांनी आणून दिलेले डबे. प्रत्येक डब्यावर न दिसणाऱ्या अक्षरांत 'बिच्चारी' लिहिलेलं. नोकरी होती म्हणून सकाळी उठायचे, एवढंच. जेवण गवतासारखं लागायचं. आमटीत हिंग घातलाय की साबण, कळायचं नाही. पुण्याहून दादा दर रविवारी फोन करायचा, "किती दिवस एकटी कुढत बसणार? तिकीट काढतो, कायमची निघून ये."

त्या रविवारी मी हो म्हणणार होते.

नेमकी त्याच दिवशी नारळी पौर्णिमा. नागपूरहून मुलाकडे आलेल्या शेजारच्या काकू नारळ घेऊन दारात उभ्या.

"चाल वं, समुद्राले नारळ देऊन येऊ. तुझी पीडा त्याच्यासंगं वाहून जाईल."

"काकू, नागपूरला समुद्र कुठेय?"

"तुमच्या पुण्यात तरी कुठं हाये? तू ड्राइव्ह कर."

दोघीही कोरडवाहू भागातल्या. भरती-ओहोटीशी संबंध शाळेच्या भूगोलापुरता. ऐन भरतीला आम्ही हळद-कुंकू वाहून नारळ फेकला. लाटेने तो आणून पायाशी ठेवला. पुन्हा फेकला, पुन्हा परत. मग काकूंनी पदर खोचून भिरकावला, तेवढ्यात कुठूनसा एक दांडगा पिवळा कुत्रा पाण्यात झेपावला. नारळ तोंडात धरून आला आणि माझ्या पावलांवर ठेवला. शेंडीवरून लाळेची तार लोंबत होती. लांबून मालक ओरडला, "गुड बॉय!"

"अवं माय," काकू म्हणाल्या, "पीडा तं वापस आली!"

मी चिडले. आता फेकते मेल्याला पार जपानपर्यंत, म्हणून सलवारीसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरले. लाटेने मला उताणं पाडलं. नाकात वाळू, घशात खारं पाणी आणि दातांखाली शेवाळाचा लिबलिबीत तुकडा. आयोडिनमध्ये भिजवलेलं रबर चावल्यासारखं वाटलं. मी कोकलले, "शी! शी! काय घाण चव आहे हो काकू!"

चव! कित्येक महिन्यांनी मला चव लागली होती. घाणेरडी, पण खणखणीत. मी थुंकता थुंकता हसायला लागले. काकू काठावरून "थुंक, अजून थुंक" करत होत्या, कुत्रा माझ्याभोवती पोहत होता आणि नारळ अर्थातच त्याच्या तोंडात होता.

"समुद्र घेत नाही म्हणजे प्रसाद झाला," काकूंनी निकाल दिला. घरी येऊन मी तो भांड्यांच्या साबणाने घासला, फोडला, खवला आणि नारळीभात केला. पहिल्या घासाला ती लाळेची तार डोळ्यांसमोर आली. किळसेने शहारले आणि दुसरा घास मोठा घेतला. गूळ कमी पडला होता. आणि ते मला कळलं!

तेवढ्यात दादाचा फोन. "काय ठरलं? काढू तिकीट?"

"नको रे. कुत्र्याच्या उष्ट्या नारळाचा भात खातेय. आणि पुढच्या रविवारी परत समुद्रावर जायचंय."

पलीकडे दादा दबक्या आवाजात वहिनीला, "अगं, वेडीबिडी झाली की काय ही?"

काकूंनी माझ्या हातातून फोन ओढला. "नाही येत ते पोरगी आता. समुद्रानं वापस केलेलं सामान तुम्ही कायले नेता, बाप्पा?" आणि फोन ठेवून त्यांनी ताट पुढे केलं, "वाढ वं आणखी."