वहिनींनी इंजेक्शन परत पाठवलं

मित्रांनो, आज लासलगावात मी एक विजय पाहिला. तो तुम्हाला सांगितलाच पाहिजे.

मागच्या महिन्यात तापावर दिलेल्या एका अँटिबायोटिक इंजेक्शनमुळे माझ्या वहिनींचं शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडू लागलं होतं. आम्ही नातेवाईक नुसते ‘रक्त चढवा’ म्हणून ओरडत होतो. नाशिकच्या डॉक्टरांनी आधी ते इंजेक्शन बंद केलं, मग नीट जुळवलेलं रक्त सावकाश, लक्ष ठेवून दिलं. वहिनी वाचल्या.

आज पुन्हा ताप आला. गावातल्या दवाखान्यात तेच इंजेक्शन भरलं गेलं. मी तोंड उघडणार, तोच बाटलीवरचं नाव वाचून वहिनींनी हात मागे घेतला.

“हे मला चालत नाय, डॉक्टर. यानं माझं रक्त फुटलं होतं.”

“अहो, मी सगळ्यांना हेच देतो.”

“त्यांना द्या. मला नको.”

दादा कुजबुजला, “अगं, डॉक्टर आहेत ते!”

“असू द्या. जीव माझा हाय.”

डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली. सगळं विचारून घेतलं, “बरं झालं बोललात” म्हणाले आणि औषध बदललं.

मी आयुष्यभर सभा गाजवल्या, पण इतकं मोलाचं भाषण मला कधी जमलं नाही!

तुमच्या घरात कुणाला कोणतं औषध चालत नाही? आणि ते डॉक्टरांना ठणकावून सांगायची हिंमत त्यांना तुम्ही दिली आहे का?